शाळेच्या कुंपणावरील चीक

(राहुरी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषणाचा मजकूर)



मुळा आणि प्रवरा ह्या दोन नद्यांच्या पाटांनी राहुरी तालुक्यात ऊस आणला, तरी पाटाच्या वरच्या अंगाची माळजमीन अजून पुष्कळशी पूर्वीसारखीच आहे. तिकडच्या वस्तीकडे जाणारी वाट अनेकदा शेराच्या नाही तर निवडुंगाच्या कुंपणामधून जाते. तार विकत आणण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याने हे कुंपण पिढ्यान्‌पिढ्या लावले. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि मुख्य म्हणजे शेळीसारखे वाटेल ते खाणारे जनावरही त्याला तोंड लावीत नाही. शेळी त्याला तोंड का लावीत नाही, ह्या साध्या प्रश्नापासून आजच्या विषयास आरंभ करणे सोयीचे होईल. कारण शेळीला जे कळते ते सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, आणि त्या मुलाचे दिवसातील पाचसहा तास शिक्षकाच्या स्वाधीन असतात.

शेराची कांडी मोडली की पांढरा शुभ्र चीक टपकतो. मराठीत हा शब्द मोठा फसवा आहे. व्यालेल्या गाईचे पहिले दूध तो चीक. त्याचा खरवस होतो. उन्हाळ्यात गहू भिजवून, वाटून काढतात तोही चीक. कुरडया घालणाऱ्या आईच्या भोवती बसून मुले तो गरमागरम वाटीवाटीने खातात. कणसात दाणा भरू लागला की तो चिकात आला असे म्हणतात. म्हणजे खेड्यातील मुलाच्या कानाला चीक ह्या शब्दाची जी ओळख असते ती सगळी गोड आणि खाण्याची असते. झाडाचा चीक त्याच नावाने, त्याच रंगाने समोर येतो. मूल त्याला भीत नाही, ह्यात मुलाचा दोष नाही.

बरे, सगळ्याच झाडांचा चीक वाईट असतो असेही नाही. वडाचा चीक मुलांच्या हातांना नेहमीच लागतो; उंबराचा, पपईचा, चिकूचा चीकही ओळखीचा आहे. कोणाच्या कातडीला त्याने खाज सुटते, पण एवढ्यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. फड्या निवडुंगाला तर दुधासारखा चीकच नसतो. त्याचे काटे तेवढे सांभाळावे लागतात. ज्याला थोर म्हणतात तो धारांचा निवडुंग, पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा शेर, मोगली एरंड ऊर्फ चंद्रज्योत, आणि औषधाच्या दुकानात बी मिळते तो जमालगोटा, ही मंडळी मात्र वेगळी. दिसायला एकमेकांसारखी नसली तरी वनस्पतिशास्त्राने ती सर्व एकाच एरंड-कुलात घातली आहेत. आणि रसायनशास्त्राने पुढे दाखवून दिले की त्यांच्या चिकातील किंवा बियांतील जळजळीत द्रव्येही एकमेकांची चुलत भावंडे आहेत.

ह्या द्रव्यांच्या अंगी दोन गुण आहेत. पहिला क्षोभाचा: कातडी, डोळा, जीभ, आतडे, जेथे लागतील तेथे ती आग करतात. दुसरा गुण मूक आहे आणि तो कळायला विसाव्या शतकातील प्रयोगशाळा लागली: शरीरात कर्करोगाची बीजे आधीच पडलेली असतील तर ही द्रव्ये त्यांना वाढीस लावतात. शास्त्रात त्यांना अर्बुदप्रवर्तक द्रव्ये म्हणतात. पहिला गुण आरडाओरडा करतो म्हणून त्याकडे लक्ष जाते. दुसऱ्याबद्दल गावात एक तर काहीच माहिती नसते, किंवा अर्धवट माहितीने नसती भीती पसरते. शिक्षकाला दोन्ही गुण नीट समजले पाहिजेत, कारण दोहोंवरचा उपाय एक नाही.

आधी पहिल्याकडे पाहू. मोगली एरंडाचा देठ मोडला म्हणजे त्यातून पातळ रस येतो. देठाची किंवा गवताच्या काडीची कडी करून तीत ह्या रसाचा पापुद्रा धरायचा आणि फुंकर मारून फुगे उडवायचे, हा खेळ अनेक गावांतील मुलांना ठाऊक आहे. साबणाचा खर्च नाही, फुगा रंगीत आणि हलका. खेळ सुंदर आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यात कडी ओठांशी येते, आणि रसाने माखलेली बोटे थोड्याच वेळात डोळ्यांशी जातात.

त्याहून मोठा धोका ह्या झाडाच्या बियांचा. फळ वाळून तडकले की आत काळसर बिया मिळतात. फोडल्यावर पांढरा मगज निघतो आणि तो चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. येथेच घात होतो. कडू असता तर पहिल्या घासालाच मुलाने थुंकून टाकला असता. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून ‘चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा’ अशा बातम्या वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत, आणि त्या वाचल्या असता प्रसंग बहुधा एकाच साच्याचा दिसतो. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर एका मुलाला बिया सापडतात. तो त्या सवंगड्यांना वाटतो, आणि रुग्णालयात एकदोन नव्हे तर दहावीस मुले दाखल होतात. वाटून खावे ही शिकवण मुलांनी येथे नको तितकी पाळलेली असते. अर्ध्या तासापासून दोनतीन तासांच्या आत घसा जळजळतो, पोटात मुरडा येतो, उलट्या सुरू होतात, मागोमाग जुलाब. बहुतेक मुले योग्य उपचाराने एकदोन दिवसांत बरी होतात. पण लहान व अशक्त मुलाच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी झाले तर तेच जिवावर बेतते.

ह्या बियांत दोन विषारी पदार्थ आहेत. एक कर्सिन नावाचे प्रथिन. ते उष्णतेने बरेचसे निकामी होते. दुसरे म्हणजे फॉरबॉल ह्या मूळ द्रव्याचे एस्टर. ते तेलात विरघळलेले असतात आणि भाजल्याने सहजासहजी नष्ट होत नाहीत. मेक्सिको देशात ह्याच झाडाचा एक वाण आहे. त्याच्या बियांत फॉरबॉलचे एस्टर जवळजवळ नसतात, आणि तेथील लोक त्या भाजून खातात. झाड तेच, बी तेच, एक द्रव्य नाही आणि बी खाद्य ठरले. ह्यावरून विषाचा मुख्य भार कोणावर आहे हे उघड होते. आपल्याकडचा वाण मात्र विषारीच आहे. ‘भाजून खाल्ल्या तर चालतात’ असे कोणी मोठ्या माणसाने मुलांदेखत सांगितले तर शिक्षकाने तेथल्या तेथे खोडून काढावे.

हे झाड पूर्वी कुंपणापुरते होते. इ. स. २००३ मध्ये केंद्रीय नियोजन आयोगाच्या समितीने बियांच्या तेलापासून डिझेल करण्यासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुचविली. पुढे काही वर्षे पडीक जमिनी, बांध आणि रेल्वेमार्गाच्या कडा ह्यांवर ते लावण्याचा देशभर उत्साह होता. उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही, उत्साह ओसरला. लावलेली झाडे पुष्कळ ठिकाणी उभीच राहिली. त्यांची राखण करणारे कोणी उरले नाही आणि बिया मुलांच्या वाट्याला आल्या.

आता दुसरा, मूक गुण. त्याचा शोध जमालगोट्याच्या तेलापासून लागला. हे तेल कातडीला लावले की लाली येते, फोड उठतात, हे वैद्यांना आणि डॉक्टरांना फार दिवस माहीत होते. इ. स. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे आयझॅक बेरेनब्लम ह्या संशोधकाने उंदरांच्या कातडीवर असे पाहिले की डांबरातील कर्करोगजनक द्रव्याबरोबर हे तेल लावले असता गाठी कितीतरी अधिक येतात, पण नुसत्या तेलाने तसे होत नाही. पुढे फिलिप शुबिक ह्या सहकाऱ्यासह त्याने इ. स. १९४७ मध्ये प्रयोग अधिक रेखीव केला. कर्करोगजनक द्रव्य एकदाच, तेही अल्प, लावले. तेवढ्याने जवळजवळ काहीच झाले नाही. मग त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुनःपुन्हा, आठवड्यामागून आठवडे लावले. आणि गाठी उठल्या. क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेल आणि नंतर कर्करोगजनक द्रव्य, तर गाठी येत नाहीत. उलट, त्या एका लेपानंतर अनेक आठवडे मध्ये जाऊ देऊन मग तेल सुरू केले, तरी गाठी येतात.

हे कोडे राहुरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड नाही. कोरड्या माळावर तणाचे बी पडून असते. वर्षे जातात, जमीन उघडी दिसते. एके वर्षी पाटाचे पाणी फिरते आणि पंधरा दिवसांत रान हिरवे होते. पाण्याने बी निर्माण केले नाही, पडलेले उठविले. बी पडण्यापूर्वीच पाणी येऊन वाळून गेले तर काही उगवत नाही. आणि एकच पाळी देऊन पाट बंद झाला तर उगवलेले कोंबही बहुधा करपतात. पेशीच्या अंतर्यामी होणारा कायमचा बिघाड हे बी. त्याला शास्त्रात आरंभ म्हणतात. प्रवर्तक द्रव्य हे पाटाचे पाणी. ते पुनःपुन्हा, थोड्याथोड्या अंतराने मिळाले तरच पीक येते. पाळ्यांत अंतर फार पडले तर परिणाम विरतो, हेही पुढील प्रयोगांत आढळले. दृष्टान्त आणखी ताणू नये, पण वर्गात किंवा पालकसभेत एवढा पुरेसा आहे.

तेलातील नेमके द्रव्य कोणते, हे शोधण्याचे काम इ. स. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एरिख हेकर ह्यांनी व न्यूयॉर्क येथे व्हॅन ड्युरेन ह्यांनी तडीस नेले. फॉरबॉल नावाच्या, कार्बनच्या चार वलयांच्या रेणूला दोन आम्ले जोडली गेली की हे द्रव्य तयार होते. त्याचे लांबलचक नाव येथे सांगण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळांतून ते टीपीए ह्या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील काही थोडे भाग उंदराच्या कातडीवर परिणाम घडवावयास पुरतात.

इतके अल्प द्रव्य एवढा गोंधळ कसा करते? उत्तर इ. स. १९८२ मध्ये जपानमधील कोबे येथील यासुतोमी निशिझुका आणि त्यांचे सहकारी ह्यांच्याकडून आले. प्रत्येक पेशीत बाहेरचा निरोप आत पोचविणारी काही प्रथिने असतात. त्यांतील एकाला, ज्याचे नाव प्रोटीन कायनेज सी, शरीरातील एक साधा स्निग्ध रेणू क्षणभर जागे करतो आणि लगेच मोडून जातो. शाळेचा शिपाई घंटेचे चार ठोके देतो आणि टोला खुंटीला अडकवतो, तसे. फॉरबॉलचा एस्टर त्या स्निग्ध रेणूच्या जागी नेमका बसतो, पण तो लवकर मोडत नाही. घंटा वाजतच राहते. मुले वर्गाबाहेर येतात, आत जातात, पुन्हा बाहेर येतात. पेशींच्या बाबतीत म्हणावयाचे तर दाह होतो आणि विभाजनाचे हुकूम एकामागून एक सुटतात. आग आणि गाठ हे दोन वेगळे दिसणारे गुण पुष्कळ अंशी ह्या एकाच घंटेतून निघतात. मात्र आग करणारे ह्या वर्गातील प्रत्येक द्रव्य गाठीही वाढविते असे नाही. काही फक्त आग करून थांबतात.

जमालगोट्यानंतर शास्त्रज्ञांनी सगळे एरंड-कुलच तपासावयास घेतले. मोगली एरंडाच्या तेलातून फॉरबॉलच्या घराण्यातील एक नवे प्रवर्तक द्रव्य जपानी संशोधकांनी इ. स. १९८८ मध्ये वेगळे केले. शेराच्या चिकात फॉरबॉल आणि त्याचा आप्त इंजेनॉल ह्या दोहोंचे एस्टर सापडले. शेर हे मूळचे आफ्रिकेतील झाड. तेथेच त्याच्याविषयी एक गंभीर शंका निघाली. मध्य आफ्रिकेतील लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन डेनिस बर्किट ह्या शल्यवैद्याने इ. स. १९५८ मध्ये केले. इ. स. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार ह्यांना त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू दिसला. विषाणू तर जगभर बहुतेक सर्वांच्या अंगी सुप्त असतो. मग रोग विशेषतः त्याच पट्ट्यात का? हिवताप हे एक कारण मानले जाते. जपानच्या योहेई इतो ह्यांनी इ. स. १९८० नंतरच्या काळात दाखविले की शेराच्या चिकाने प्रयोगनळीतील पेशींत हा सुप्त विषाणू जागा होतो, आणि ज्या भागात रोग आहे तेथे घरांभोवती शेर पुष्कळ लावलेला असतो. एवढ्यावरून शेर हे त्या रोगाचे कारण ठरत नाही. तो साहाय्यकारी असावा, असा संशय आहे. तो संशयच म्हणून सांगितला पाहिजे.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे अवश्य आहे. मुलाच्या हाताला एकदा चीक लागला म्हणून त्याला कर्करोग होईल, असे ह्या सर्व संशोधनातून निघत नाही. असे सांगून मुलांना आणि त्यांच्या आयांना भेडसावणे हे अज्ञानाइतकेच वाईट. प्रवर्तक द्रव्याची ताकद पुनरावृत्तीत आहे. म्हणून प्रश्न एकदाच्या स्पर्शाचा नसून रोजच्या सवयीचा आहे. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण फार आढळले. तेथील लोक क्रोटन जातीच्या एका झुडपाच्या पानांचा चहा नेहमी पीत. हेकर ह्यांच्या प्रयोगशाळेने इ. स. १९७८ मध्ये त्या झुडपात फॉरबॉलसदृश द्रव्ये असल्याचे प्रसिद्ध केले. चहा रोजचा असतो, हेच त्यातील मर्म.

मग आपल्याकडे रोजचे काय आहे, ते पाहावे. भारताच्या अनेक भागांत मोगली एरंडाच्या कोवळ्या फांदीचे दातवण करतात. कोठे दुखऱ्या दाढेत चिकाचा बोळा धरतात, कोठे चामखिळीवर किंवा नायट्यावर दिवसामागून दिवस चीक लावतात. चामखीळ जाते कधीकधी. भोवतालची कातडीही जाते. निंबाचे आणि बाभळीचे दातवण उपलब्ध असताना मोगली एरंडाचे करण्यात शहाणपण नाही. शाळेत दात घासण्याचा पाठ होतो तेव्हा ब्रशाविषयी जितके बोलले जाते तितके दातवण कोणत्या झाडाचे ह्याविषयी बोलले जात नाही, आणि वस्तीवरील मुलाला गरज दुसऱ्याचीच असते.

ह्यावर कोणी म्हणेल की थोराचा चीक तर आयुर्वेदात औषध आहे. खरे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात थोरावर सुधा ह्या नावाने स्वतंत्र अध्याय आहे, आणि रेचक द्रव्यांत ते सर्वांत तीक्ष्ण म्हणून अविचाराने देऊ नये, असा इशाराही तेथेच आहे. भगंदरावरील क्षारसूत्राच्या दोऱ्यावर ह्याच चिकाची पुटे चढवितात. परंतु तो दोरा वैद्याच्या हातात असतो आणि काम झाले की काढून टाकला जातो. आधुनिक औषधाची कथाही उद्‌बोधक आहे. ह्याच वर्गातील एका छोट्या तणाच्या चिकातून इंजेनॉलचा एक एस्टर काढून त्याचे मलम करण्यात आले. उन्हाने बिघडलेल्या, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा कातडीवर ते लावण्यास अमेरिकेत इ. स. २०१२ मध्ये मान्यता मिळाली. इ. स. २०२० मध्ये युरोपात ते मागे घ्यावे लागले. कारण मलम लावलेल्या जागीच कातडीचे कर्करोग अधिक दिसू लागले. इतक्या तपासणीतून गेलेल्या, मोजून मापून दिलेल्या मलमाची ही गत. मग परड्यातल्या शेराचा चीक अंदाजाने बोटावर घेऊन मुलाच्या गालावरील चामखिळीला लावणाऱ्याने किती जपावे!

आता डोळ्याविषयी. ह्या भाषणातील बाकीचे सर्व विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये. शेराच्या किंवा थोराच्या चिकाचा थेंब डोळ्यात गेला की मूल किंचाळते, डोळा घट्ट मिटते आणि चोळू लागते. चोळू देऊ नये. एका मोठ्या माणसाने डोके धरावे, दुसऱ्याने पापण्या उघडून धरून स्वच्छ पिण्याच्या पाण्याची बारीक धार सोडावी, नाकाच्या बाजूने कानाकडे वाहील अशी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात ओघळणार नाही. ही धार निदान पंधरावीस मिनिटे चालली पाहिजे. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे रडणाऱ्या मुलाजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही; भिंतीवरील घड्याळात पाहावे. चीक पाण्यात चटकन विरघळत नाही, म्हणून एक तांब्या ओतून भागत नाही. मध, तूप, दूध, अंगावरचे दूध, घरातले जुने थेंब, ह्यांतील काहीही घालू नये. नंतर थोडा आराम वाटला तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. ही आग पुष्कळदा रात्री वाढते. बुबुळाचा वरचा पापुद्रा सुटतो, सकाळी मुलाला डोळा उघडत नाही. वेळीच उपचार झाले तर बहुधा एकदोन आठवड्यांत नजर पूर्ववत येते. उशीर झाला, वर घरगुती औषध पडले, जंतूंचा शिरकाव झाला, तर कायमचे फूल पडू शकते. चीक हाताला लागला असेल तर साबणाने धुवावा, आणि तो धुतल्याशिवाय डोळ्याशी हात नेऊ देऊ नये.

रुईची गोष्ट थोडी निराळी असल्यामुळे तिचा स्वतंत्र उल्लेख हवा. रुई ह्या कुलातली नव्हे, तिच्या चिकात फॉरबॉल नाही. तिची विषे हृदयावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या जातीची आहेत. शनिवारी मारुतीला माळ घालावयाची म्हणून पहाटे पाने तोडायला बहुधा मुलांनाच पाठवितात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वेदना अनेकदा फारशी होत नाही, फक्त काही वेळाने अंधुक दिसू लागते. मूल रडत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात. सोमवारी फळ्यावरचे अक्षर दिसत नाही म्हणून एखादा विद्यार्थी पुढे येऊन बसला, तर त्याला शनिवारी काय केले होतेस, असे अवश्य विचारावे. धुण्याचा उपाय येथेही तोच.

बिया खाल्ल्याचे कळले तर मुलाला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याने अपाय होतो. मूल शुद्धीवर असेल आणि पोटात टिकत असेल तर जलसंजीवनीचे पाणी घोटघोट द्यावे, ग्लानी असेल तर कुशीवर निजवावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ह्या धांदलीत एक काम हमखास राहून जाते. ज्याला उलटी झाली तो मुलगा सापडतो. ज्यांनी त्याच्याबरोबर खाल्ले पण अजून काही झाले नाही, ती मुले शिक्षेच्या भीतीने गप्प बसतात किंवा दप्तर उचलून घरी जातात. म्हणून कोणालाही रागे न भरता, ‘आणखी कोणी कोणी खाल्ल्या?’ असे शांतपणे विचारून नावे लिहून घ्यावीत, आणि घरी गेलेल्यांच्या पालकांकडे तात्काळ माणूस धाडावा. त्या झाडाची एक डहाळी, फळासह, पिशवीत घालून रुग्णालयात बरोबर द्यावी. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. आणि झाडाची ओळख त्या दिवसासाठी ठेवू नये. राहुरीलाच इ. स. १९६८ पासून महात्मा फुले ह्यांच्या नावाचे आजचे कृषी विद्यापीठ उभे आहे; शाळेच्या आवारातील अनोळखी झुडपाची डहाळी तेथील जाणकारांस दाखविणे येथल्या शिक्षकाला इतरांपेक्षा सोपे आहे.

राहिला कुंपणाचा प्रश्न. सगळा शेर आणि निवडुंग उपटून टाकावा, असा सल्ला शेतकरी ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावा? त्याचे पीक त्यावर राखले जाते. शाळेच्या मैदानाला लागून असलेली बाजू, पाण्याच्या टाकीजवळचा भाग आणि मुलांची जाण्यायेण्याची वाट, एवढे जरी मोकळे झाले तरी पुष्कळ आहे. मोगली एरंड मात्र आवारात ठेवू नये. तो काढता येत नसेल तर फळे हिरवी असतानाच खुडून पुरावीत. छाटणी उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुले नसताना, मोठ्या माणसाने करावी. कोयत्याच्या घावासरशी चीक उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत, आणि कोयता धुतल्याखेरीज कोणाच्या हाती देऊ नये. तोडलेला शेर लगेच बाहेर न्यावा लागतो. मैदानाच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवला तर त्याच्या कांड्या पहिल्या पावसात तेथेच मूळ धरतात.